मिट्टी कुणी दिली?

२००५ सालची रमजान ईद होऊन पंधरा दिवस झाले असतील. रात्री साडेअकराला आमच्या शेजारच्यांकडे रियाधहून फोन आला. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. शेजारच्या चाचांनी दारावर थाप मारली, वडिलांना बाजूला घेतलं, आणि त्यांचा चेहरा बघूनच आम्हाला कळलं. माझा मोठा मामा गेला होता. झोपेत. पहाटे फजरला उठवायला गेलेल्या रूममधल्या सोबत्याला तो थंड पडलेला सापडला. फोनही त्यानेच केला होता.

लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली तेव्हा सोलापुरातली हजारो घरं हलली. त्यात मामाचंही घर होतं. काही वर्षं त्याने रिक्षा चालवली, मग हेवी लायसन्स काढलं आणि एका एजंटाच्या ओळखीने सौदीला गेला. नऊ वर्षांत तीनदा आला. दर वेळी एक घोंगडीएवढं ब्लँकेट, खजुराचे डबे आणि नानीसाठी जमजमचं कॅन.

त्या रात्री विजापूर वेशीतल्या नानीच्या घरी सगळे जमले. बायका आतल्या खोलीत, पुरुष ओसरीवर. मी विशीतला होतो, चहाचे कप भरून आणायचं काम माझ्याकडे होतं. ओसरीवर एकाच प्रश्नावर बोलणं चाललं होतं. मय्यत इथं आणायची की तिथंच दफन करायची?

ज्यांना माहिती होती त्यांनी हिशेब मांडला. दवाखान्याचा दाखला, पोलिसांचा कागद, कफीलची सही, पगाराचा हिशेब, वारसांचं मुखत्यारपत्र, दूतावासाचा ना-हरकत दाखला, पासपोर्ट रद्द करणं, शवाला औषध भरणं, पेटी, विमानाचं माल-भाडं. मुंबई नाहीतर हैदराबादला उतरवून पुढे अँब्युलन्स. आठ दिवस लागतील, महिनाही लागेल. मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना विचारलं. ते म्हणाले, जिथं मौत तिथं मिट्टी, हेच चांगलं, मय्यत लांबवू नये. मामीने मान हलवली. ती मान हलवणं होतं की रडण्याचा हुंदका होता, हे मला अजून नीट सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी स्टॅम्प पेपरवर संमतीपत्र झालं, नोटरी झाली, कागद फॅक्सने गेला. बाराव्या दिवशी रियाधमध्ये दफन झालं.

नानीला कुणी विचारलंच नव्हतं. दफन झाल्याचं कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "मेरेकू पूछे क्या तुम लोगां? मिट्टी तो देनेकू होना ना रे."

लोक तिला समजावत होते, खाला, नशीबवान आहे तुमचा मुलगा, पाक जमिनीत गेला. नानी डोळे पुसत म्हणायची, "रियाद में मरा ना रे वो, मक्के में नै."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दफनाच्या वेळी कबरीवर प्रत्येक जण तीन ओंजळी माती टाकतो. त्याला आमच्याकडे मिट्टी देणं म्हणतात. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणजे नानीने स्वतःच्या हाताने मिट्टी दिली नसतीच. पण तिच्या घरातून कुणीतरी द्यायला हवी होती. तिने चेहरा बघायला हवा होता. जनाजा तिच्या दारातून निघायला हवा होता. हनफी मसलकात मय्यत समोर नसताना जनाजाची नमाज नाही, म्हणून तीही झाली नाही. कुराणखानी झाली, फातेहा झाली, जेवणं झाली. पण नानीच्या दृष्टीने मामा मेला नव्हता, तो नुसता आला नव्हता.

मी इतिहासाचा विद्यार्थी. पुढे अनेक वर्षं हा प्रश्न माझ्यासोबत राहिला. परदेशात गेलेल्या माणसाची मय्यत घरी येणं किंवा न येणं, हे कशावर ठरतं? आणि ती आली नाही तर मागे राहिलेल्यांनी काय करायचं? या प्रश्नाचं सोलापूरच्या इतिहासातलं सर्वांत मोठं उदाहरण आमच्या घरापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर, भैया चौकात होतं. मला तिथं पोहोचायला मात्र बरीच वर्षं लागली.

जो परत आला नाही

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधांची मदत मागितली. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केलं, वर्गणी जमली, अँब्युलन्स घेतली गेली आणि पाच डॉक्टरांचं पथक तयार झालं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आमच्या सोलापूरचे कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोट सुटली.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला पथक येनानला पोहोचलं. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडील वारल्याची बातमी मिळाली. ते परतले नाहीत. म्हणजे या कहाणीत आधी मुलगा बापाच्या अंत्यविधीला पोहोचला नाही, आणि नंतर मुलाचा देह घरी पोहोचला नाही. आखातात काम करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मनात यातली पहिली भीती असते. दुसरी भीती घरच्यांच्या मनात असते.

बाकीचे चौघे टप्प्याटप्प्याने भारतात परतले. कोटणीस आघाडीवर राहिले. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून याच भागात काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापून रक्तदोष होऊन ते नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाने जे आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय उभं राहिलं, त्याचे संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. तिथं परिचारिका आणि शिक्षिका असलेल्या गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. 'यिन' म्हणजे हिंदुस्थान, 'हुआ' म्हणजे चीन.

मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा मृत्यू झाला. वय ३२. जवळच्या नानछुआन गावात त्यांना पुरण्यात आलं. सोलापूरच्या हिंदू घरातला मुलगा, त्याच्या वाट्याला चिता आली नाही, माती आली. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याला मिट्टी दिली गेली. माओ झेदोंग यांनी लिहिलेल्या शोकसंदेशात, सैन्याने मदतीचा हात गमावला आणि देशाने मित्र गमावला, अशा अर्थाचे शब्द आहेत.

आता तो महिना डोळ्यांसमोर आणा. १९४२ चा मे संपेपर्यंत ब्रह्मदेश जपानच्या हातात गेला होता. चीनकडे जाणारा ब्रह्मदेशाचा रस्ता तुटला होता. चीनचा किनारा जपानच्या ताब्यात. उरला होता तो हिमालयावरून जाणारा विमानमार्ग, तोही युद्धसामग्रीसाठी. कोटणीस ज्या भागात होते तो तर जपानी फौजांच्या पिछाडीला, चारी बाजूंनी वेढलेला. तिथून जिवंत माणूस निघणं मुश्कील, मग देह कुठून येणार?

आणि आणायचा तर आणणार कोण? ज्या काँग्रेसने त्यांना पाठवलं, ती ऑगस्ट १९४२ पासून तुरुंगात होती. झू दे यांचं पत्र ज्यांना आलं ते नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैद होते. ज्यांच्या आवाहनावर पथक निघालं ते सुभाषबाबू बर्लिनमध्ये होते. पाठवणारे सगळेच परत आणण्याच्या स्थितीत नव्हते. मामाच्या वेळी एजंटाचा फोन लागत नव्हता, तेव्हा मला हे आठवलं असतं तर बरं झालं असतं. अर्थात त्या एजंटाची आणि नेहरूंची तुलना नाही. पण माणूस पाठवताना जितके हात पुढे येतात, तितके आणताना येत नाहीत, हे दोन्हीकडे खरं आहे.

जे आले, जे आले नाहीत

असं नाही की त्या काळी देह परत येतच नव्हते. केंद्रीय विधिमंडळाचे पहिले निवडून आलेले हिंदी अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल २२ ऑक्टोबर १९३३ रोजी स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हाजवळच्या एका रुग्णालयात वारले. शेवटच्या दिवसांत त्यांची शुश्रूषा सुभाषबाबू करत होते. देहाला औषधं भरून तो बोटीने मुंबईला आणला गेला आणि १० नोव्हेंबरला सोनापूरच्या स्मशानात दहन झालं. शांततेचा काळ होता, नाव मोठं होतं, सोबत माणसं होती. देह आला.

याच सुभाषबाबूंनी पाच वर्षांनी कोटणीसांना चीनला पाठवलं. सप्टेंबर १९४३ मध्ये ते रंगूनला बहादूरशहा जफरच्या कबरीवर आझाद हिंद फौज घेऊन गेले. १८६२ मध्ये इंग्रजांनी या शेवटच्या बादशहाला मृत्यूच्या दिवशीच घाईघाईने पुरलं होतं आणि कबरीची खूणही राहू नये याची काळजी घेतली होती. दिल्लीची माती त्याला मिळाली नाही. आणि स्वतः सुभाषबाबूंच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अस्थी टोकियोच्या रेंकोजी मंदिरात आहेत. एकाचा देह त्यांनी घरी पाठवला, दुसऱ्याला घराबाहेर पाठवलं, तिसऱ्याच्या कबरीवर जाऊन उभे राहिले, आणि त्यांची स्वतःची राख अजून परदेशात. एकाच माणसाच्या आयुष्यात हा प्रश्न किती वेळा यावा!

मौलाना मुहम्मद अली जौहर यांचं प्रकरण वेगळं. पहिल्या गोलमेज परिषदेला ते आजारी असतानाच लंडनला गेले. परिषदेत त्यांनी सांगितलं की स्वातंत्र्य घेतल्याशिवाय मी गुलाम मुलखात परतणार नाही, ते देणार नसाल तर मला इथं कबर द्यावी लागेल. ४ जानेवारी १९३१ रोजी ते लंडनमध्येच वारले. त्यांचा देह हिंदुस्थानात आला नाही, लंडनमध्येही राहिला नाही. जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी यांच्या निमंत्रणावरून २३ जानेवारीला अल-अक्सा मशिदीच्या आवारालगत त्यांचं दफन झालं. या दोन तारखांच्या मधल्या १२ जानेवारीला येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी दिली गेली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. त्या एका महिन्यात सोलापूरच्या मुसलमानांनी दोन सुतक पाळली असणार, आणि दोन्ही जनाजे त्यांच्या दारातून निघाले नाहीत.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. दहनाची प्रथा नसलेल्या त्या शहरात आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांना अग्नी दिला गेला. तिथं त्यांचं स्मारक आहे, आणि जवळचा पूल तिथले लोक आजही 'हिंदी माणसाचा' म्हणून ओळखतात. त्या लोकांना कोल्हापूर कुठं आहे ते माहीत नसेल. पण आपल्या नदीकाठी कुणाचा तरी मुलगा जळाला, हे त्यांनी लक्षात ठेवलं.

देह नसेल तर

देह न पाहिलेल्या मृत्यूचं काय होतं, हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. पानिपताहून सदाशिवरावभाऊ परत आले नाहीत. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही, नवरा येईल म्हणून वाट बघितली. आणि भाऊ आलासुद्धा, पण तोतया. त्याच्यामागे माणसं जमली, गड घेतले गेले, अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. तोतया एकटा खोटा होता, पण त्याला मानणाऱ्यांची आशा खोटी नव्हती. ज्याला अग्नी दिलेला कुणी पाहिला नाही, तो मेला कसा मानायचा? म्हणून तर हिंदू परंपरेत देह सापडला नाही तर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा पालाशविधी आहे. मनाला काहीतरी हातात घेऊन सोडावं लागतं.

आमच्याकडे अशी प्रतिमा नाही. उलट शिकवण अशी की मय्यतीला घाई करा आणि जिथं मौत आली तिथंच दफन करा. उहुदच्या लढाईतल्या शहिदांना काही नातेवाईक मदिनेत आणू लागले, तेव्हा त्यांना पडले त्याच जागी परत नेण्याचा हुकूम पैगंबरांनी दिला. हजरत आयेशांचे भाऊ अब्दुर्रहमान मक्केबाहेर वारले आणि त्यांना मक्केत आणून दफन केलं गेलं. आयेशा कबरीवर गेल्या तेव्हा म्हणाल्या की मी हजर असते तर तुला मेलास तिथंच दफन केलं असतं. मौलाना साहेब त्या रात्री चुकीचं बोलले नव्हते.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. मुमताजमहल १६३१ च्या जूनमध्ये बुऱ्हाणपूरला वारली, तिथं तिला पुरलं गेलं, आणि त्याच वर्षाअखेर कबर उघडून तिला आग्ऱ्याला नेलं. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला वारला, त्याला खुलताबादला नेऊन दफन केलं. शरियतचा सल्ला आणि माणसाचं मन, दोन्ही आमच्या परंपरेत शेजारीशेजारी राहत आले आहेत. जनाजा दूर असताना नमाज पढावी की नाही, यावरही मतभेद आहेत. हबशाचा राजा नजाशी वारला तेव्हा पैगंबरांनी मदिनेत त्याच्यासाठी नमाज पढली, या आधारावर शाफई लोक गायबाना नमाज मानतात. आमच्या कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. मामा रत्नागिरीचा असता तर त्याच्या गावात नमाज झाली असती. सोलापूरचा होता म्हणून झाली नाही. नानीला हे मी कधी सांगितलं नाही.

साक्षीदार

कोटणीसांचा देह आला नाही. मग आलं काय?

आधी आली हकिकत. चीनहून परतलेल्या डॉ. बसूंच्या आठवणींवरून ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पुस्तकाच्या नावातच आहे, की एक जण परत आला नाही. पानिपतच्या एका मुसलमानाने सोलापूरच्या एका ब्राह्मण डॉक्टरची मय्यत कागदावर घरी आणली. पानिपताचं नाव पुन्हा आलं, हा योगायोग आहे. त्यावरूनच १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. स्वतः कोटणीसांचं काम केलं, जयश्रीबाईंनी पत्नीचं. चित्रपटाच्या शेवटी विधवा चिनी सून बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी येते. खऱ्या आयुष्यात तोपर्यंत तसं काही घडलेलं नव्हतं. सिनेमावाल्यांनाही कळलं होतं की देह आणता येत नसेल, तर निदान कुणीतरी यायला हवं.

नंतर ते खरंच घडलं. गुओ छिंगलान अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. त्या जिवंत होत्या तोवर कोटणीस कसे गेले, काय खायचे, मराठीतलं काय गुणगुणायचे, हे विचारायला एक माणूस होतं. यिनहुआचं नशीब वाईट. डॉक्टरकीचं शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये तो गेला, पंचविशीच्या आत. आई मात्र २०१२ पर्यंत जगली. कोटणीसांची कबर पुढे शिजियाझुआंगच्या हुतात्मा दफनभूमीत हलवली गेली, बेथ्यून यांचीही तिथंच आहे. दर वर्षी एप्रिलमध्ये चिनी लोक आपल्या पूर्वजांच्या कबरी झाडतात, तेव्हा या परक्या डॉक्टरच्या कबरीवरही फुलं येतात. दोन देशांत १९६२ चं युद्ध झालं, अजूनही सीमेवर ताण आहे, पण त्या फुलांमध्ये खंड पडावा असं तिथल्या लोकांना वाटलेलं नाही.

भैया चौकातल्या कोटणीसांच्या जन्मघराचं सोलापूर महापालिकेने स्मारक केलं. ते झाल्यावर एकदा मी नानीला तिथं घेऊन गेलो. खरं तर दवाखान्यातून परत येत होतो, रिक्षा त्याच बाजूने चालली होती. ऐंशीच्या पुढची नानी, काठी टेकत आत आली. भिंतीवरचे फोटो तिने चष्मा पुसून पुसून बघितले. मी माझ्या परीने कहाणी सांगितली. सोलापूरचा मुलगा, डॉक्टर, चीनला गेला, तिथंच मेला, मय्यत आली नाही.

नानीने विचारलं, "इसकू मिट्टी कौन दिये?"

मी म्हटलं, तिथल्याच लोकांनी. त्याच्या दवाखान्यातल्या, गावातल्या. ज्यांच्यात राहत होता त्यांनी.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अपने बच्चेकू भी दिये होंगे ना कोई."

आठ वर्षांत आमच्यापैकी कुणी हा विचार केला नव्हता. दफन झालं म्हणजे कुणीतरी केलं. मामाला गुस्ल कुणी दिला, कबरीत कोण उतरलं, पहिली ओंजळ कुणाची पडली? फोन करणारा तो रूममधला सोबती. आम्हाला त्याच्याबद्दल एवढंच आठवत होतं की तो बिहारकडचा होता आणि फोनवर रडत होता. त्याने दफनानंतर दोनदा फोन केला होता. आम्ही दोन्ही वेळा पगाराच्या बाकीबद्दल विचारलं. मिट्टीबद्दल विचारलं नाही.

त्या संध्याकाळी नानी म्हणाली, त्याला फोन लाव. मामाच्या जुन्या डायरीत नंबर मिळाला. तो बंद होता. ओळखीतून रियाधमध्ये चौकशी केली, तो केव्हाच मुलूख सोडून गेला होता. सौदीत कबरीवर नाव लिहीत नाहीत, तेव्हा कबर शोधून काढणंही शक्य नाही. मामा कुठं आहे हे सांगू शकणारा जगात एक माणूस होता, आणि त्याला आम्ही हरवून बसलो. यात सौदीचा दोष नाही, कफीलचा नाही, दूतावासाचाही नाही. आमचा आहे.

नानी दोन वर्षांनी गेली. जाईपर्यंत दर जुमेरातला ती मामाच्या नावाने फातेहा द्यायची, आणि त्यानंतर आणखी एक. नाव न घेता. "मिट्टी दिये सो बच्चे के वास्ते," म्हणायची.

आज ज्यांची माणसं बाहेर आहेत

सोलापुरातून आजही मुलं आखातात जातात. विडी आणि यंत्रमागावर जगणाऱ्या शहरात दुसरा मार्ग कमी आहे. म्हणून शेवटी काही गोष्टी साध्या शब्दांत लिहून ठेवतो. २००५ मध्ये आम्हाला त्या माहीत नव्हत्या.

मय्यत आणण्याचा खर्च ही मेहेरबानी नाही. सौदीच्या कामगार कायद्याप्रमाणे परदेशी कामगाराचा देह त्याच्या मुलखात पोहोचवण्याचा खर्च मालकावर आहे, घरच्यांनी तिथं दफनाला संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे संमतीपत्रावर सही करण्याआधी घरच्यांना हे माहीत असायला हवं. मालक हात वर करत असेल तर २००९ पासून दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, गरजूंचे देह त्यातून आणता येतात. परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल २०१५ पासून आहे, तिथं तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. इमिग्रेशन क्लिअरन्स घेऊन कायदेशीर मार्गाने गेलेल्या कामगाराचा प्रवासी भारतीय विमा असतो, त्यात अपघाती मृत्यूला दहा लाखांचं संरक्षण आहे. ऑगस्ट २०२३ पासून विमानतळावरच्या आरोग्य परवानगीसाठी 'ई-केअर' पोर्टल झालं आहे. पूर्वी अमिरातीतून येणाऱ्या देहाचं वजन करून किलोच्या दराने भाडं घेत. लोकांनी आवाज उठवल्यावर एअर इंडियाने जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या माणसासाठी १५०० दिरहम असा ठरावीक दर केला. माणसाला काट्यावर ठेवणं निदान तेवढं थांबलं.

पासपोर्ट, व्हिसा, इकामा आणि कराराच्या प्रती घरी ठेवा. जाणाऱ्याला जिवंतपणीच विचारा, तुझी इच्छा काय? हा प्रश्न अशुभ नाही. वसीयत करणं आपल्याकडे चांगलं मानलं आहे. आणि निर्णय घेताना ओसरीवरच्या पुरुषांनी आतल्या खोलीत जाऊन आईला विचारा. उत्तर तेच येईल कदाचित. पण विचारलेलं असेल.

देह आणायचा की तिथंच सोडायचा, याचं एक उत्तर मी देणार नाही. नानीच्या बाजूने विचार केला की आणावा वाटतो. मौलाना साहेबांचं ऐकलं की राहू द्यावा वाटतो. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. ज्याच्या शेजारी तुमचं माणूस झोपतं, जो त्याला फजरला उठवतो, त्याचं नाव, गाव आणि घरचा नंबर लिहून ठेवा. त्याच्या घरच्यांना तुमचा द्या. ईदला एक फोन करा. वेळ आलीच, तर तुमच्या वतीने मिट्टी तोच देणार आहे.

आमच्या घरच्या डायरीत बिहारकडच्या त्या मुलाचा बंद पडलेला नंबर अजून आहे. मी तो खोडलेला नाही.